अँब्युलन्स अजून सिग्नलला आहे

मागच्या अंकात हार्ट अटॅकवर लिहिलं, तेव्हा शेवटी सहज एक ओळ टाकली होती की हृदयच बंद पडलं तर काय करायचं यावर काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि मग जे काय मेल आणि मेसेज आले ते बघून मीच हबकले. मी भूलतज्ज्ञ. पंचवीसेक वर्षं ऑपरेशन थिएटर आणि आयसीयूत गेली, आणि रविवारी वेळ मिळाला की प्लास्टिकचा पुतळा घेऊन सोसायट्यांमध्ये सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकवायला जाते. (रिक्षावाले एरवीच मीटरवर यायला नाखूष, त्यात शेजारच्या सीटवर अर्धा माणूस बसलेला बघून अजूनच बिथरतात, असो.) सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं मुद्दाम काढलीत.

आधी एक घोळ निस्तरते, कारण निम्म्या पत्रांत तो आहे. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा, माणूस बहुतेक वेळा शुद्धीत असतो, घाम येतो, छातीत दुखतं, बोलतो. कार्डियाक अरेस्ट म्हणजे पंपच बंद, माणूस काही सेकंदांत कोसळतो. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, पण दोन्ही एक नाही. खालचं सगळं दुसऱ्याबद्दल आहे.

प्रश्न : आम्ही सात-आठ जण रोज सकाळी हनुमान टेकडीवर जातो. दोन महिन्यांपूर्वी आमच्यातलेच एक, वय ६१, चालता चालता खाली बसले आणि आडवेच झाले. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी तळपाय चोळले, एकाने चप्पल हुंगवली. मला सीपीआर थोडाफार माहीत होता पण त्यांचा श्वास चालू होता, मधूनमधून घोरल्यासारखा मोठा आवाज येत होता, म्हणून मी हात लावला नाही. खाली आणेपर्यंत सगळं संपलं. तेव्हापासून झोप नाही. श्वास चालू असताना छाती दाबली तर वाईट होतं ना? — एक निवृत्त बँक कर्मचारी, शिवाजीनगर

उत्तर : काका, तो श्वास नव्हता. हे वाचून बरं वाटेल की अजून वाईट वाटेल मला माहीत नाही, पण खरं तेच सांगते. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं मेंदूच्या तळाचा भाग अजून थोडा जागा असतो आणि तो असे आचके देतो, तोंड पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं उघडतं, घोरल्यासारखा आवाज येतो, मग दहा-पंधरा सेकंद काहीच नाही, मग परत एक. बघणाऱ्याला वाटतं श्वास आहे. हे इतक्या वेळा होतं की सीपीआर सुरू न होण्याचं हे एक मोठं कारण धरलं जातं, आणि जगभर फोनवर अँब्युलन्सचे कॉल घेणाऱ्यांना खास शिकवतात की समोरचा 'श्वास आहे पण विचित्र आहे' म्हणाला की अरेस्टच समजा. गंमत म्हणजे आपल्या आज्ज्यांना हे पाठ होतं, 'घरघर लागली' म्हणायच्या. फक्त त्यांच्या काळात घरघर लागली की गंगाजळ आणायला धावायचे, आता छातीवर हात ठेवायचे.

म्हणून आता नियम साधा केलाय. खांदे हलवून मोठ्याने हाक मारा, माणूस काहीच प्रतिसाद देत नाही आणि श्वास तुमच्या-माझ्यासारखा नॉर्मल नाही, बस, सुरू करायचं. नाडी शोधत बसायचं नाही. २००० सालापासूनच सामान्य माणसाला नाडी बघायला सांगणं बंद केलंय, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातली धडधड लागते, आणि खरं सांगू का, आम्हा डॉक्टरांचंही कधी कधी तेच होतं.

तुमचा मूळ प्रश्न, चुकून हृदय चालू असलेल्या माणसाची छाती दाबली तर? तो बहुधा कळवळेल, तुमचा हात ढकलेल, तुम्ही थांबाल. छाती दुखेल, क्वचित बरगडीला तडा जाईल. दुसऱ्या बाजूला, हृदय बंद आहे आणि आपण दाबलं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी खाली येते. हा व्यवहार कुठल्याही बँकवाल्याला कळेल. आणि बरगड्यांचं म्हणाल तर वयस्क माणसाची छाती नीट खोल दाबली की बऱ्याचदा मोडतातच, कडकन आवाज येतो, तो ऐकून थांबायचं नाही.

कसं दाबायचं तेही लिहिते, कारण तुम्ही 'थोडाफार' म्हणालात. माणूस कडक जमिनीवर, गादीवर नाही. छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग, त्यावर एका तळव्याची टाच, त्यावर दुसरा हात, कोपर सरळ, आणि कमरेतून वजन टाकायचं. मोठ्या माणसाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर आत गेली पाहिजे, हे पुतळ्यावर करून बघितल्याशिवाय पटत नाही इतकं खोल आहे. मिनिटाला १०० ते १२०. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण हृदय परत भरतं ते तेव्हा. तुम्ही टेकडीवर सात-आठ जण होतात ना, मग दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमलेला माणूस आपण दमलोय हे कबूल करत नाही पण त्याची खोली कमी होत जाते.

मोजण्याची एक माझी युक्ती. पुस्तकात लिहिलंय तीसपर्यंत मोजा, पण मराठीत 'एकोणतीस' म्हणेपर्यंत एक दाब हुकतो, जीभ अडखळते आणि हात पण. मी एक ते दहा तीनदा मोजायला लावते. ताल बरोबर बसतो.

आणि काका, तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. टेकडीवरच्या आठ जणांपैकी फक्त तुम्हीच तेव्हा सीपीआरचा विचार तरी केला होतात. आता त्या उरलेल्या सगळ्यांना घेऊन एका रविवारी या, पुतळा मी आणते.

प्रश्न : मी कॉलेजात असताना एनसीसीत शिकले होते, १५ वेळा दाबा आणि २ वेळा तोंडाने श्वास द्या. माझी मुलगी आता नर्सिंग करते, ती म्हणते ३० आणि २. भाचा म्हणतो श्वास द्यायचाच नाही. तुम्हा लोकांचं एकदा काय ते ठरवा ना. आणि अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावणं मला तरी जमणार नाही, स्पष्ट सांगते. — एक गृहिणी, कोथरूड

उत्तर : ताई, तिघंही बरोबर आहात, फक्त वेगवेगळ्या सालात.

ही सगळी भानगड मुळात निघाली विजेच्या तारांवरून. अमेरिकेत लाइनमन शॉक लागून मरायचे म्हणून वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसे दिले, आणि जॉन्स हॉपकिन्समध्ये कौवेनहोवेन नावाचे एक प्राध्यापक त्यावर बसले, तेही डॉक्टर नाहीत, इलेक्ट्रिकल इंजिनियर. १९५८ च्या सुमारास त्यांच्या हाताखालच्या निकरबॉकर या विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की कुत्र्याच्या छातीवर शॉकचे जड पॅडल नुसते दाबून धरले तरी, शॉक द्यायच्या आधीच, रक्तदाबाची रेघ जरा उचलते. म्हणजे बाहेरून दाबूनही रक्त फिरतं. तोपर्यंत काय करायचे माहितीये, सर्जन सरळ छाती चिरून हृदय मुठीत धरून दाबायचे. मग या दोघांनी ज्यूड नावाच्या सर्जनला बरोबर घेऊन १९६० मध्ये २० रुग्णांवरचा पेपर छापला, १४ वाचले होते. आणि त्याच सुमारास पीटर साफर यांनी तोंडाने श्वास देण्याचं काम केलं होतं, दोन्ही जोडून आजचा सीपीआर झाला.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं भांडण कशावर, तर दाबायचं किती आणि फुंकायचं किती. नंतर मोजमापं झाली तेव्हा कळलं की दाबायला सुरुवात केल्यावर हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमधला दाब हळूहळू चढतो आणि आपण श्वास द्यायला थांबलो की झपकन पडतो, हापशासारखं, पाणी येईपर्यंत दहा वेळा हलवायचं आणि नेमकं तेव्हाच सोडून द्यायचं. म्हणून २००५ मध्ये १५ चे ३० झाले. २०१० मध्ये क्रमच उलटा केला, आधी छाती मग श्वास. अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात पहिली काही मिनिटं ऑक्सिजन असतोच, तो फिरवणारा कुणी नसतो. तुमचा भाचा म्हणतो ते पण खरं, अमेरिकन हार्ट असोसिएशनने २००८ मध्येच न शिकलेल्यांसाठी नुसतं दाबा म्हणून सांगितलं, आणि आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिलने २०१७ मध्ये सामान्य लोकांसाठी जी पद्धत छापली त्यात तोंडाने श्वास ठेवलेलाच नाही. त्यामुळे तुमची अडचण सुटली.

पण एक अपवाद, आणि पुण्यात तो महत्त्वाचा आहे, आजूबाजूला धरणं केवढी. बुडालेला माणूस आणि लहान मुलं. यांचं हृदय बहुतेक वेळा श्वास कोंडल्यामुळे थांबलेलं असतं, रक्तात ऑक्सिजनच शिल्लक नसतो, तिथे नुसतं दाबून अर्धंच काम होतं. येत असेल तर श्वास द्या. येत नसेल, किंवा नकोच वाटत असेल, तर निदान दाबा. आणि पोट दाबून पाणी काढत बसू नका, पिक्चरमध्ये ठीक आहे ते.

प्रश्न : ग्रुपवर आलं होतं की एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहायचं, हृदय चालू राहतं. खरं का? — बरेच जण

उत्तर : नाही. ज्याचं हृदय बंद पडलंय तो खोकू शकत नाही आणि जो खोकू शकतोय त्याचं हृदय चालू आहे. कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत, डॉक्टर मॉनिटर बघत असताना काही सेकंदांसाठी पेशंटला खोकायला लावतात, त्यातून कुणीतरी ही पुडी सोडलीये. छातीत दुखतंय आणि एकटे आहात तर १०८ लावा, दाराची कडी काढून ठेवा आणि बसा. स्वतः गाडी चालवत निघू नका.

प्रश्न : मुलगा म्हणतो, रस्त्यात कुणी पडलं तर बाबा तुम्ही मध्ये पडू नका, पोलीस केस होते. त्यातून बाई असेल तर विचारूच नका. तुम्ही शिकवता पण या बाजूचं कुणीच बोलत नाही. — एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : बरोबर, बोलत नाही, म्हणून बोलूया. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये म्हणून सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये नियमांवर शिक्कामोर्तब केलं आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. ते अपघातापुरतं आहे हे मान्य. पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या फौजदारी कायद्यात एक तरतूद आहे, जुन्या दंड संहितेत कलम ९२, आता भारतीय न्याय संहितेत कलम ३०, की माणूस संमती द्यायच्या अवस्थेत नसेल आणि तुम्ही सद्‌हेतूने त्याच्या भल्यासाठी काही केलंत, त्यात त्याला इजा झाली, तरी तो गुन्हा धरत नाहीत. बरगडी मोडणं यात बसतं. मी वकील नाही, पण इतक्या वर्षांत सीपीआर दिला म्हणून कुणी अडचणीत आलेलं मी तरी बघितलेलं नाही.

बाईचं म्हणाल तर हा फक्त आपल्याकडचा संकोच नाहीये. २०१८ मध्ये अमेरिकेत मोजलं, सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना कुणीतरी सीपीआर दिला, बायकांपैकी ३९ टक्क्यांना. तिथे सुद्धा लोक हात लावायला घाबरतात. आणि सीपीआर शिकायचे पुतळे बघितलेत का कधी, जवळजवळ सगळे सपाट छातीचे पुरुष, त्यामुळे हात शिकतात ते पण तसेच. दाबायला साडी, ड्रेस, ओढणी काहीही काढायची गरज नाही, कपड्यांवरूनच दाबायचं, हाड मधोमध असतं. मोठ्याने सांगा की 'यांचं हृदय बंद पडलंय, मी सीपीआर देतोय, तुम्ही १०८ लावा', आणि गर्दीत एखादी बाई असेल तर तिच्याकडे बोट दाखवून तिला शेजारी बसवा. मोठ्याने बोललं की गर्दीचं तोंड बदलतं, हे मी लक्ष्मी रोडवर मिरवणुकीच्या गर्दीत बघितलेलं आहे, शंका घेणारेच लोक हाताला हात धरून कडं करून उभे राहिले होते.

प्रश्न : माझे वडील मागच्या वर्षी गेले. घरी कोसळले, आम्ही गाडीत घालून हॉस्पिटलला नेलं, ट्रॅफिकमध्ये २५ मिनिटं गेली. तिथे ४० मिनिटं प्रयत्न केले. नंतर मी इंटरनेटवर वाचत बसलो, बाहेरच्या देशात शरीर थंड करतात, ECMO नावाचं मशीन लावतात, दोन-दोन शॉक मशीन वापरतात. आमच्याकडे यातलं काहीच झालं नाही, नुसती इंजेक्शनं दिली. आमचं काही राहून गेलं का? — आयटी इंजिनियर, वाकड

उत्तर : हे पत्र मी चार वेळा वाचलं. तुमच्या वडिलांचे कागद मी बघितलेले नाहीत त्यामुळे त्यांच्याबद्दल काही बोलणार नाही, पण तुम्ही ज्या गोष्टी वाचल्यात त्यांचं पुढे काय झालं ते सांगू शकते.

आधी इंजेक्शन. अॅड्रेनलीन आम्ही पिढ्यान्‌पिढ्या देत आलो, देताना कुणाला शंका पण यायची नाही. ब्रिटनमध्ये शेवटी कुणीतरी धीर करून नीट तपासलं, ८,००० वर पेशंट, निम्म्यांना अॅड्रेनलीन, निम्म्यांना मिठाचं पाणी, देणाऱ्यालाही माहीत नाही सिरिंजमध्ये काय आहे. २०१८ मध्ये निकाल आला. महिन्यानंतर जिवंत होते अॅड्रेनलीनवाल्यांत ३.२ टक्के, पाण्यावाल्यांत २.४. फरक आहे, पण केवढासा. आणि वाचलेल्यांमध्ये मेंदूचं गंभीर नुकसान झालेले अॅड्रेनलीनच्या बाजूला ३१ टक्के, दुसऱ्या बाजूला साधारण १८. हृदय सुरू करून देतं, मेंदूचं सांगता येत नाही. अजूनही देतो आम्ही, लवकर दिलेलं बरं म्हणतो, पण पूर्वीचा तो विश्वास राहिलेला नाही, निदान माझा तरी.

शरीर थंड करणं. २००२ मध्ये युरोप आणि ऑस्ट्रेलियातून दोन अभ्यास आले, ३२-३४ अंशांना ठेवलं तर मेंदू जास्त वाचतो, आणि आम्ही सगळे भारावून गेलो, बर्फाच्या पिशव्या, थंड सलाईन, मी स्वतः रात्रभर जागून पेशंट गार केलेत. २०१३ मध्ये ३३ आणि ३६ अंशांची तुलना झाली, काही फरक नाही. २०२१ मध्ये १४ देशांतले जवळजवळ १,९०० पेशंट, एका गटात ३३ अंश, दुसऱ्यात फक्त ताप येऊ द्यायचा नाही. सहा महिन्यांनी मृत्यू ५० टक्के आणि ४८ टक्के, म्हणजे सारखेच. आता मुख्य भर ताप चढू न देण्यावर आहे. तेव्हा ते राहून गेलं म्हणून खंत करू नका.

एक्मो, म्हणजे रक्त बाहेर काढून मशीनने ऑक्सिजन घालून परत आत. याची गोष्ट जरा वेगळी आहे. मिनियापोलिसमध्ये २०२० मध्ये फक्त ३० पेशंटचा अभ्यास झाला, ज्यांना शॉक देऊनही हृदय ताळ्यावर येत नव्हतं असे. एक्मोच्या बाजूचे ४३ टक्के घरी गेले, नेहमीच्या उपचारातले ७ टक्के, फरक इतका की अभ्यास मध्येच थांबवला. सगळे पेटून उठले. मग २०२३ मध्ये नेदरलँड्सने हेच अनेक हॉस्पिटलांत मिळून केलं आणि चांगल्या अवस्थेत जगले २० टक्के आणि १६ टक्के, ठाम फरक म्हणता येईना. कारण मशीन तेच असलं तरी मिनियापोलिसची टीम रात्रंदिवस हेच करते आणि पेशंट पटकन पोचवायची त्यांची सगळी यंत्रणा बसलेली आहे. शिवाय हे मशीन लावायचं तर माणूस कोसळल्या क्षणापासून कुणीतरी छाती दाबत असावं लागतं, नाहीतर वाचवायला मेंदू उरत नाही.

दोन शॉक मशीनचं मात्र खरंच काहीतरी आहे असं मला वाटतं. कॅनडात २०२२ मध्ये ४०५ पेशंट, तीन शॉक देऊनही हृदय थरथरतच राहिलेले, म्हणजे नुसतं थरथरतंय पण रक्त पंप होत नाही असे. नेहमीच्या जागी शॉक देत राहिले त्यातले १३.३ टक्के वाचले, पॅड पुढून-मागून लावले त्यात २१.७, आणि दोन मशीनने लागोपाठ दिले त्यात ३०.४. पॅडची जागा बदलायला तर काही खर्चही नाही. पण हे फक्त थरथरणाऱ्या हृदयाला. सिनेमात मॉनिटरवर सरळ रेघ येते आणि हिरो शॉक देतो ना, तसं नसतं, सरळ रेघेला शॉक देत नाहीत. थरथर मिनिटामिनिटाला विझत जाते आणि मग सरळ रेघ होते. २५ मिनिटांनी बहुतेक वेळा रेघच असते.

म्हणजे काही राहून गेलं असेल तर ते हॉस्पिटलात नाही, घर ते गाडी या मधल्या काळात. हे कडू आहे आणि तुम्हाला दोष द्यायला मी लिहीत नाहीये, तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं, गाडीत घालून पळणं हेच आपण सगळे लहानपणापासून बघत आलोय. पण पुढच्या वेळी, आणि ती कुणाचीही असू शकते, गाडी काढायची नाही, माणूस जमिनीवरच ठेवायचा, फोन स्पीकरवर, एकाने दाबायचं, दुसऱ्याने खाली जाऊन अँब्युलन्सला रस्ता दाखवायचा. चालत्या गाडीच्या मागच्या सीटवर छाती दाबता येत नाही, मी प्रयत्न केलाय.

प्रश्न : आमच्या सोसायटीत २२ मजले, ४ टॉवर. एईडी (हृदयाला शॉक द्यायचं) मशीन घ्यायचा विषय एजीएममध्ये मांडला तर लोक म्हणाले 'डॉक्टर नसताना ते चालवणार कोण' आणि विषय बारगळला. मुलगी डेन्मार्कला असते, ती म्हणते तिथे जागोजागी असतात. मी परत मांडू का? — सोसायटीचे खजिनदार, बाणेर

उत्तर : मांडा, आणि पुढचा परिच्छेद वाचून दाखवा.

टोरोंटोत उंच इमारतींमधले अरेस्ट मोजले. तिसऱ्या मजल्याच्या खाली राहणारे ४.२ टक्के वाचले, तिसऱ्या आणि त्यावरचे २.६. सोळाव्या मजल्याच्या वर २१६ जणांपैकी २ वाचले, पंचविसाव्याच्या वर एकही नाही. कारण अँब्युलन्स गेटपाशी वेळेत पोचते, मग वॉचमनची वही, मग लिफ्ट, मग लिफ्टमध्ये कुणाचं तरी फर्निचर.

याच्या उलट टोक म्हणजे लास व्हेगासचे जुगारअड्डे. तिथे सगळीकडे कॅमेरे, कुणी पडलं की लगेच दिसतं, आणि शॉक कुणी दिला तर सिक्युरिटी गार्डने, डॉक्टरने नाही. २००० मध्ये छापलेल्या अभ्यासात ज्यांना तीन मिनिटांच्या आत शॉक मिळाला त्यातले ७४ टक्के जगून घरी गेले. जगातल्या भल्याभल्या हॉस्पिटलांना हा आकडा जमत नाही. 'चालवणार कोण' याचं उत्तर तुमच्या गेटवर बसलेलं आहे. मशीन स्वतः बोलतं, पॅड कुठे लावायचे चित्र असतं, हृदय थरथरतंय का ते स्वतः तपासतं आणि गरज नसेल तर शॉक देतच नाही, बटण कितीही दाबा.

पहिलं हिंडतं-फिरतं मशीन बेलफास्टमध्ये पँट्रिज नावाच्या डॉक्टरांनी १९६५ मध्ये केलं होतं, मोटारच्या बॅटऱ्या लावून, वजन ७० किलो. आज ते शबनम बॅगेत मावतं. स्वीडनमध्ये तर ड्रोनने पाठवतात, २०२१ च्या डिसेंबरात अंगणातला बर्फ उपसताना कोसळलेले ७१ वर्षांचे गृहस्थ त्यातून वाचले.

डेन्मार्कचं मात्र नीट बघा, कारण तिथे नुसती मशीनं लावून काम झालं नाही. २००५ च्या सुमारास त्यांनी शाळांमध्ये सीपीआर सक्तीचा केला आणि मग ड्रायव्हिंग लायसन्ससाठी पण. २००१ मध्ये कोसळलेल्यांपैकी साधारण २१ टक्क्यांना आजूबाजूच्या कुणी सीपीआर दिला होता, २०१० मध्ये जवळजवळ ४५ टक्क्यांना, आणि महिन्यानंतर जिवंत असणारे ३.५ वरून १०.८ टक्क्यांवर गेले. आपल्याकडे लायसन्सला आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. त्याच्या जोडीला दहा मिनिटं पुतळ्यावर दाबून दाखवा म्हटलं तर काय बिघडेल, मला खरंच कळत नाही.

घेतलंत तर दोन गोष्टी. पॅड आणि बॅटरीला एक्सपायरी असते, ती कुणाच्या तरी कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा. आणि कृपा करून ते क्लब हाऊसच्या कपाटात कुलूप लावून ठेवू नका. एका सोसायटीत मी शिकवायला गेले तेव्हा मशीन होतं, किल्ली सेक्रेटरींकडे होती, आणि सेक्रेटरी दुपारी १ ते ४ फोन घेत नाहीत असं मला वॉचमनने अगदी नम्रपणे सांगितलं.

प्रश्न : माझं वय ११ आहे. मी आणि आजी दुपारी घरी दोघीच असतो. माझं वजन ३० किलो आहे. मला सीपीआर जमेल का? — सहावीतली वाचक, सहकारनगर

उत्तर : तुझ्या आजीला आधी सांग की डॉक्टर मावशीने तुझं कौतुक केलंय.

तुझ्या वयाच्या मुलांना पद्धत अगदी नीट शिकता येते, मोठ्यांपेक्षा लवकर. पण छाती पुरेशी खोल जायला अंगात वजन लागतं, साधारण १३-१४ व्या वर्षी मुलं मोठ्यांइतकं दाबू शकतात. म्हणून जगात बऱ्याच ठिकाणी बाराव्या वर्षापासून शाळेत शिकवायला सुरुवात करा म्हणतात, वर्षाला दोन तास फक्त. तू आत्ताच शिक. वेळ आलीच तर आधी १०८ लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा, पत्ता सांगायचा, जवळची खूण सांगायची. मग दार सताड उघडून शेजारच्या काका-काकूंना जोरात हाक मारायची, लाजायचं नाही. ते येईपर्यंत गुडघ्यांवर बसून पूर्ण वजन टाकून दाबत राहायचं, कमी खोल गेलं तरी चालेल, काहीच न करण्यापेक्षा खूप बरं. आणि ते आले, त्यांनी दाबायला घेतलं, की तू खाली पळ आणि लिफ्ट धरून ठेव.